विनम्र आहे हो मी, खाली लाइक करा!

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर कुठं बोलू नका. पंगतीत ‘आणखी एक जिलबी वाढा’ म्हणायलाही ज्यांना संकोच वाटतो, अशा आपल्याच ओळखीतल्या सालस मंडळींनी सध्या काय आरंभलंय, बघितलंत का? घरी विचारा, ‘काय करतोस रे हल्ली?’ तर खाली मान घालून ‘असतो एका कंपनीत’ एवढंच पुटपुटतील. आणि त्याच लाजाळू माणसाचं लिंक्डइन उघडा. छातीवर हातांची घडी, हसू मोजून अर्धं, आणि नावाखाली: ‘स्टोरीटेलर | चेंजमेकर | लाइफलाँग लर्नर | एक्स-अमुक | एक्स-तमुक | माणसांना त्यांच्यातला सूर्य दाखवतो’. अहो, सूर्य दाखवतो म्हणजे नेमकं करतो काय? खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, खराडीच्या एका ऑफिसात एक्सेलच्या शीट सांभाळतो. चांगलंच काम आहे की! पगार एक तारखेला, फ्लॅटचा हप्ता पाच तारखेला, सगळं सुरळीत. पण ‘एक्सेल उत्तम येतं’ असं लिहायची लाज वाटते आणि ‘सूर्य दाखवतो’ लिहायची वाटत नाही. कलियुग, दुसरं काय!

नावाखालच्या त्या ओळीला हेडलाइन म्हणतात. तिथं 220 अक्षरं मावतात. मावतात म्हणून ठासून भरलीच पाहिजेत असा काही दंडक नाही, पण मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात. मधे उभ्या दांड्या घालायच्या आणि दर दांडीपलीकडे एक नवा अवतार. त्यातलं ‘एक्स-’ हे प्रकरण तर विचारूच नका. कॉलेजच्या सुटीत कुठल्या तरी बड्या कंपनीत दोन महिने इंटर्न होता, तिथल्या कँटीनचा डोसा बरा होता एवढंच आता आठवतं, पण ‘एक्स-’ लागलं ते लागलं. निवृत्तीपर्यंत सुटायचं नाही. त्याखाली ‘अबाउट’ नावाचं आणखी 2,600 अक्षरांचं मैदान मोकळं. तिथं तर काहीजण स्वतःविषयी चक्क तृतीय पुरुषात लिहितात, वर आदरार्थी बहुवचन! ‘ते एक द्रष्टे नेते आहेत. फावल्या वेळात त्यांना ट्रेकिंग आवडतं.’ कोण ते? कुणाला? अहो, आत्ता इथं बसून पोहे खात होतात ना तुम्ही!

ह्या थेराला म्हणे ‘पर्सनल ब्रँड’ म्हणतात. मूळ अमेरिकेतलं. 1997 साली ‘फास्ट कंपनी’ ह्या मासिकात टॉम पीटर्स नावाच्या व्यवस्थापनगुरूनं एक लेख लिहिला आणि सांगितलं, की बाबांनो, तुम्ही कुणाचे नोकर नाही, तुम्ही स्वतःच एक ब्रँड आहात. ‘मी’ नावाच्या कंपनीचे मुख्याधिकारी तुम्हीच. त्याच वर्षी आपल्याकडे नोकरी डॉट कॉम सुरू झालं. नावातच सगळा मामला उघड: नोकरी पाहिजे, अर्ज करतोय. त्यात कुणी कुणाला सूर्य दाखवत नव्हतं. पुढं 2003 च्या मे महिन्यात रीड हॉफमन आणि मंडळींनी लिंक्डइन सुरू केलं. तेव्हा तेही साधंसुधंच होतं. कुठं शिकलात, कुठं काम केलंत, कुणाला ओळखता, एवढा रोकडा व्यवहार. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते 26.2 अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. आता इतके पैसे मोजल्यावर माणसांनी वर्षातून एकदा यावं, नवं पद टाकावं आणि निघून जावं, हे कुठल्या मालकाला परवडेल? त्यांनी रोज यायला हवं, बोलायला हवं, एकमेकांना टाळ्या द्यायला हव्यात. दिल्या मंडळींनी! जगभरात सभासद 100 कोटींच्या वर गेले, भारतातले 10 कोटींहून जास्त. अमेरिकेखालोखाल आपला नंबर. कुठल्याही गोष्टीत दुसरा नंबर आला की आपण हळहळतो. इथं मात्र नंबर थोडा खाली असता तरी चाललं असतं.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे ह्यात नवं ते काय? चौकातला फ्लेक्स आठवा. वरच्या कोपऱ्यात साहेबांचे फोटो, मधोमध गॉगल लावलेली उत्सवमूर्ती, ‘भावी नगरसेवक’ अशी पाटी आणि खाली पासपोर्टच्या मापात चाळीस शुभेच्छुक. लिंक्डइनचं पान हा तोच फ्लेक्स. वरच्या पट्टीचं माप 1584 बाय 396 पिक्सेल, त्यावर कुठल्या तरी परिषदेत माइक धरलेला फोटो, मधे उत्सवमूर्ती, आणि कमेंटमध्ये शुभेच्छुकांची रांग. ‘काँग्रॅट्स!’ ‘वेल डिझर्व्ड!’ ‘सो प्राउड ऑफ यू!’ फक्त इथं परवानगी काढावी लागत नाही आणि महापालिकेची गाडी उतरवायला येत नाही.

पण एक फरक आहे, आणि माझं सगळं भांडण त्या फरकाशी आहे. चौकातला कार्यकर्ता स्वतःला सरळ ‘कार्यसम्राट’ म्हणवतो आणि मोकळा होतो. त्याची बढाई खणखणीत असते, तिच्यात भेसळ नसते. लिंक्डइनवरचा कार्यसम्राट मात्र ‘हम्बल्ड’ असतो! बढती मिळाली, हम्बल्ड. ट्रॉफी मिळाली, हम्बल्ड. कुणी व्यासपीठावर बोलावलं, हम्बल्ड अँड ऑनर्ड. अरे, इतका नम्र झालास तर गप्प बस ना! आपली टिमकी आपण वाजवायची आणि वर लोकांनी ‘किती साधा माणूस!’ म्हणावं अशी अपेक्षा धरायची, हा दुहेरी लोभ झाला.

शुभेच्छुक तरी आपसूक जमतात म्हणता? छे! त्यांचेही गट असतात. व्हॉट्सॲपवर पंधरावीस जण एकत्र यायचं. एकानं निरोप टाकायचा, ‘पोस्ट पडली, या’, की बाकीच्यांनी हातातलं काम टाकून धावायचं, लाइक ठोकायचं, दोन ओळींची कमेंट करायची. उद्या त्यांची पाळी. अहो रूपम्, अहो ध्वनिः! लिंक्डइनच्या नियमांत हे बसत नाही म्हणे. पण परस्परांच्या पाठी थोपटायला कुणाची आडकाठी झाली आहे?

बरं, ही हौस भागवायची सोय त्या कंपनीनंच करून ठेवली आहे. 2012 पासून तिथं ‘एन्डॉर्समेंट’ आहे: एका टिचकीत तुम्ही तिथं आपल्याशी जोडलेल्या कुणाच्याही कौशल्याला दुजोरा देऊ शकता. ज्यानं तुम्हाला मोबाइलचा चार्जर मागण्यापलीकडे कधी पाहिलेलं नाही, तोही तुमच्या ‘स्ट्रॅटेजिक लीडरशिप’ला दुजोरा देऊन जातो. आणि मग आपल्यालाही त्याच्या ‘पब्लिक स्पीकिंग’ला द्यावा लागतो, फेडायची फेड असते. शिवाय ‘सोशल सेलिंग इंडेक्स’ नावाची शंभर गुणांची प्रगतिपुस्तिका आहे. चार विषय, प्रत्येकी पंचवीस गुण, आणि त्यातला पहिला विषय, ऐका, ‘आपला व्यावसायिक ब्रँड उभारणं’! दहावीचे गुण विसरून चाळिशीला आलेली माणसं हे गुण रोज तपासतात. 2023 मध्ये तर आणखी मजा झाली. यंत्रानं लिहिलेल्या लेखांत जाऊन आपलं मत मांडा, लोकांना पटलं तर सोनेरी ‘टॉप व्हॉइस’ बिल्ला मिळवा, अशी टूम निघाली. झुंबड उडाली हो! दिवसभर मीटिंगमध्ये म्यूटवर बसणारा रात्री जागून नेतृत्वावर मतं मांडू लागला. 2024 मध्ये तो बिल्ला बंद झाला. त्या जागरणांची भरपाई कोण देणार?

आता एक मासला दाखवते. ह्या पोस्ट लिहायची एक ठरलेली तऱ्हा आहे. पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं वाचायला ‘आणखी’वर टिचकी मारावी लागते. म्हणून पहिल्या ओळीत बॉम्ब टाकायचा, आणि पुढं एका ओळीत एकच वाक्य, मधे मोकळी जागा, म्हणजे आशयाला हवा खेळती राहते. अशी:

‘काल मी मिसळ खाल्ली.

तिखट होती.

डोळ्यांतून पाणी आलं.

वेटर म्हणाला, “साहेब, दही देऊ?”

मी नाही म्हणालो.

कारण लीडर दही मागत नाही.

त्या एका तर्रीनं मला बी-टू-बी सेल्सबद्दल जे शिकवलं, ते एमबीएच्या दोन वर्षांत शिकलो नव्हतो.

सहमत?’

नाही हो सहमत! वेटरनं दही विचारलं, तुम्ही नको म्हणालात, विषय संपला. तुम्ही हसाल, ही मीच रचली म्हणून. रचली खरी, पण रोज सकाळी हिच्या सख्ख्या बहिणी तिथं दारात उभ्या असतात. कधी मिसळीऐवजी रिक्षावाले काका असतात, कधी इस्त्रीवाला, कधी सोसायटीचा वॉचमन. ह्या सगळ्यांना लिंक्डइनवर तत्त्वज्ञान फार येतं. सिग्नलला थांबले की ते नेमके स्टार्टअपवाल्यालाच आयुष्याचं सार सांगतात, आणि वाक्यही असं घोटून सांगतात की जणू पोस्टसाठीच बेतलंय. त्या काकांचं नाव मात्र पोस्टमध्ये नसतं. मीटरच्या वर दहा रुपये दिले की नाही, तेही नसतं.

आणि मी वाढवून सांगते असं वाटत असेल, तर झालेलीच प्रकरणं ऐका. 2022 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ओहायोच्या एका छोट्या मार्केटिंग कंपनीच्या प्रमुखानं आपली माणसं कामावरून काढली, आणि त्याचं आपल्याला किती दुःख झालं हे जगाला कळावं म्हणून स्वतःचा रडतानाचा सेल्फी लिंक्डइनवर टाकला. डोळ्यांत अश्रू, गालावर ओघळ, सगळं नीट फ्रेममध्ये! नोकरी गेली दुसऱ्याची, आणि फोटो कुणाचा? त्याच महिन्यात आपल्याकडच्या, दाढीचं सामान विकणाऱ्या एका कंपनीच्या प्रमुखानं नव्यानं नोकरीला लागलेल्या पोरांना तिथंच उपदेश केला, की निदान चार-पाच वर्षं दिवसाचे अठरा तास कामाला द्या आणि रडगाणं गाऊ नका. लोकांनी असं काही फैलावर घेतलं की पुसता सोय नाही. आणि पुढं एका अमेरिकन तरुणानं गुडघे टेकून मैत्रिणीला लग्नाची मागणी घातली, तिनं होकार दिला, आणि ह्यानं तो फोटो टाकून लिहिलं काय? ह्या प्रसंगानं मला बी-टू-बी सेल्सबद्दल काय शिकवलं! ती मुलगी पुढं त्याच्याशी काय बोलली ते कळलं नाही. मी असते तर आधी कोटेशन मागितलं असतं.

आपल्या संस्कारांत हे बसतं कुठं, मला सांगा! दासबोधाच्या दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात समर्थांनी मूर्खांची लक्षणं मोजली आहेत. त्यात स्वतःची स्तुती करणाराही आहे आणि वडिलांची कीर्ती सांगत फिरणाराही. दोघं आता एकाच प्रोफाइलवर सुखानं नांदतात: वर ‘व्हिजनरी’, आणि फादर्स डेला वडिलांच्या स्कूटरवर आठशे शब्द. चांगलं काम करावं, बाकी लोक बोलतील, असं ऐकत आपण मोठे झालो. आता नेमकं उलटं शिकवणारे क्लास निघालेत. वीकेंडला, झूमवर, फी भरून. हेडलाइन कशी लिहावी, पोस्ट किती वाजता टाकावी, पहिल्या तासात किती कमेंट आल्या पाहिजेत. ज्यांना क्लास झेपत नाही ते दुसऱ्याकडून लिहवून घेतात. साहेबांचे ‘मनातले विचार’ लिहिणारं पोरगं तेवीस वर्षांचं असतं आणि त्यानं साहेबांना एकदाच गूगल मीटवर पाहिलेलं असतं. आणि ज्यांना तोही खर्च नको, त्यांच्या मदतीला चॅटजीपीटी आहे. फोटोसुद्धा यंत्रच काढून देतं: सूट ज्याच्या अंगावर आयुष्यात चढला नाही, त्याला निळा सूट चढवून देतं, पोटही थोडं आत घेतं. परिणाम काय, तर ‘आपलं वेगळेपण जगाला दाखवा’ म्हणून निघालेल्या लाखो माणसांचा सूट एक, हसू एक, आणि वाक्यंही तीच.

स्थळं बघणाऱ्या मंडळींनी तर ह्या साइटचा ताबाच घेतलाय. पूर्वी वधूवर सूचक मंडळातून पत्रिका आली की मुलाच्या ऑफिसात कुणी ओळखीचं आहे का, हे तीन मावश्यांमार्फत काढावं लागायचं. आता मुलीची आई चष्मा लावते आणि थेट प्रोफाइल उघडते. पत्रिकेत ‘सीनिअर मॅनेजर’ आणि इथं ‘असोसिएट’? खोड! दोन नोकऱ्यांमधे नऊ महिन्यांची फट? का बरं? फोटोभोवती ‘ओपन टू वर्क’ची हिरवी कड दिसली की पत्रिका जुळत असूनही अचानक नाडीदोष निघतो. आणि ‘सीरियल आंत्रप्रेन्योर’ वाचल्यावर एका काकूंनी विचारलं, ‘सीरियल म्हणजे एकामागून एक बुडाल्या का?’ मात्र ह्या हेरगिरीत एक मेख आहे. कोण बघून गेलं, ते ती साइट समोरच्याला कळवते. प्रायव्हेट मोड नावाची सोय आहे, पण काकूंना ती कोण सांगणार? मग मुलाकडच्यांना कळतं, की होकार-नकार कळवायच्या आधी मुलीकडचे चार जण रात्री साडेअकरा वाजता येऊन गेले.

आता इतकं तोंडसुख घेतल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर पाप लागायचं. ही सगळी माणसं मूळची फुशारकी मारणारी नाहीत हो. ती घाबरलेली आहेत. 2020 मध्ये ती हिरवी कड आली, तेव्हा ती लावायला लोक कचरत होते. पुढं नोकरकपातीच्या लाटा आल्या आणि कचरणं परवडेनासं झालं. 2025 च्या जुलैत टीसीएसनं सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांहून जास्त माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा ‘एकदा आत चिकटलं की जन्माचं कल्याण’ ह्या समजुतीला हिंजवडीपासून ठाण्यापर्यंत तडा गेला. आणि अशा माणसाची गोची बघा. बारा वर्षं त्यानं इमानेइतबारे काम केलेलं असतं, पण दाखवणार काय? क्लायंटचं नाव घ्यायला करारानं बंदी. लिहिलेला कोड कंपनीचा. लॅपटॉप शेवटच्या दिवशी जमा. काम जाणणारा मॅनेजर आधीच दुसरीकडे गेलेला. सुताराला केलेलं कपाट दाखवता येतं, ह्याच्याकडे दाखवायला काही उरलेलंच नसतं. उरतात फक्त विशेषणं. मग तो बिचारा ‘डायनॅमिक’ होतो, ‘पॅशनेट’ होतो, ‘रिझल्ट-ड्रिव्हन’ होतो. खरं कर्तृत्व कुलपात आणि पोकळ शब्द चव्हाट्यावर, ही सोय त्यानं केलेली नाही. त्याची काही मी चेष्टा करणार नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखं आहे आणि जो सांगू शकतो, तरीही मिसळीवरच लिहितो, त्याची मात्र करणारच.

कारण गंमत पुढं आहे. एवढा सगळा डामडौल ज्यांच्यासाठी, ते रिक्रूटर करतात काय? एचआरमधल्या एका मुलीला मी खोदून विचारलं. दिवसाला शंभरभर प्रोफाइल चाळते बिचारी. ती शोधते काय, तर ‘जावा, स्प्रिंग बूट, पाच ते सात वर्षं, पुणे’. संपलं. ‘स्टोरीटेलर’ असं टाइप करून जावावाला आजवर कुणी शोधलेला नाही. तिला विचारलं, ‘अगं, ती मिसळीची पोस्ट, ती फादर्स डेची स्कूटर, ते काही वाचतेस की नाही?’ तर म्हणाली, ‘ताई, वेळ कुठं असतो?’ ज्यानं आपण काय केलं ते साध्या चार ओळींत लिहिलं, अमुक सिस्टिम हलवली, रात्रीचा तमुक रिपोर्ट चार तासांऐवजी चाळीस मिनिटांत येऊ लागला, तो पटकन सापडतो, असंही म्हणाली. क्लायंटचं नाव न घेता हे लिहिता येतं की! आणि सापडलेल्याला ती जो मेसेज धाडते, तोही मी पाहिला. त्यात द्रष्टेपणाची चौकशी नाही, प्रवासाची नाही, शिकवणीची तर नाहीच नाही. ‘हाय, होप यू आर डुइंग वेल’, आणि खाली भरायला मोकळ्या जागा: एकूण अनुभव, करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड.

त्यातही शेवटच्या जागेवर ‘नव्वद दिवस’ लिहिलं की समोरून उत्तर यायचं बंद! मग तुमचे फॉलोअर दहा असोत की दहा हजार. तेव्हा मंडळी, चेंजमेकर व्हायचं तर खुशाल व्हा, मी कोण अडवणारी? फक्त पुढची पोस्ट टाकायच्या आधी, नोटीस पिरियड तीस दिवसांवर आणता येतो का, तेवढं आपल्या एचआरला हळूच विचारून घ्या.